अक्काच्या फ्रिजवरचा कॅमेरा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. हडळ, चकवा, रिकाम्या घरातली पैंजणं... माझा कशावर म्हणून विश्वास नाही. आमच्या कॉलनीत एका बाईच्या अंगात यायचं, तिला मी आधी बीपी तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तर अशी मी आज स्वतःच इथे लिहायला बसले आहे, आणि घरात सगळ्यांना त्याची गंमत वाटतेय. वाटो बापडी. मला हे कुठेतरी सांगायचंच होतं.

मी जळगावला, पिंप्राळ्यात राहते. एका डाळमिलच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवसभर कम्प्युटरपुढेच असते, ऑफिसातला प्रिंटर अडला तरी मलाच हाक मारतात. माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. वडील गेल्यापासून तिथे आमची आई एकटी असते. आम्ही भावंडं तिला अक्का म्हणतो, सगळी गल्लीच अक्का म्हणते.

माझा मोठा भाऊ नाशिकला असतो. गेल्या थंडीत अक्का मोरीत घसरली. मुक्या मारावर निभावलं, पण दादाने तेव्हापासून धोशाच लावला की घर बंद करा आणि अक्काला नाशिकला न्या. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दादा-वहिनी दोघं दिवसभर नोकरीवर. अक्काने एकच विचारलं, "तठे माले कोन वळखस?" तिथे तिला कोण ओळखणार, हे दादालाही पटत होतं, पण काळजी होतीच. आणि त्याची काळजी खोटी नव्हती हो, मलाही रात्री-बेरात्री फोन वाजला की धस्स व्हायचं.

शेवटी मी मध्यममार्ग काढला. अक्काच्या घरात इंटरनेट घ्यायचं, कॅमेरा बसवायचा आणि मी जळगावहून दिवसभर तिच्यावर नजर ठेवायची. दादा म्हणाला, बघ. मे महिनाभर नीट चालला तर राहू दे तिला तिथे, नाही चालला तर जूनमध्ये मी गाडी घेऊन येतो. म्हणजे आता अक्काचं धुळ्यात राहणं-न राहणं त्या वाटीएवढ्या डबड्यावर येऊन ठेपलं.

आखाजीला मी माहेरी गेले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खान्देशच्या लेकीबाळींची दिवाळी. माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी हाणतात. मी मात्र टेबलाखाली बसले होते. हातात वायर, मांडीवर लॅपटॉप, आणि वर धुळ्याचं ऊन.

त्या कॅमेऱ्याचं ॲप माझ्या जुन्या फोनवर चालेना, म्हणून सगळं कम्प्युटरवरून करायचं. सोबतच्या पुस्तकातली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. पासवर्ड कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटवलेला, आणि तो वाचायला कॅमेरा उलटा केला की वायर निसटायची. लॅपटॉप म्हणायचा, डिव्हाइस सापडत नाही. अरे मेल्या, हातात धरलंय मी ते! बारीक भोकात पिन खुपसून रिसेट करा म्हणे. अक्काच्या साडीची पिन घेऊन खुपसली. मग अपडेट सुरू झालं, पार शेवटाला आलं, आणि लाइट गेली. परत पहिल्यापासून.

हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा म्हटलं, दाबलं, तर पलीकडून हिंदीत विचारणा झाली की मॅडम, घर में बिजली है ना? मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्का रसाची वाटी घेऊन आली, टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाली की एवढ्या वेळात बाळंतपण होऊन जातं बाई. झोक्यावरच्या सगळ्या हसल्या. मीही शेवटी हसले.

संध्याकाळी एकदाचं चित्र आलं. कॅमेरा मधल्या खोलीत फ्रिजवर ठेवला होता. तिथून स्वयंपाकघराचा उंबरा, मोरीकडची फरशी आणि मागचं दार इतकं सगळं दिसायचं. आवाज काही केल्या लॅपटॉपवर लागला नाही, ती वेगळीच रडकथा आहे. पण चित्र स्वच्छ होतं. मी दादाला फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने जळगावला आले.

त्याच आठवड्यात चित्र लाल झालं.

डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की दिसतं ना, तसं. नुसता गढूळ लाल रंग. माणूस नाही, दार नाही, काही नाही. कॅमेरा चालू, इंटरनेट चालू, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढे सरकतंय, आणि चित्र लाल. मी रंगाची सेटिंग्ज बदलली, रात्रीचा मोड बंद केला, चालू केला, परत अपडेट केलं. अक्काला फोन केला तर म्हणाली, "बठ्ठं बरोबर शे. दिवा लागेल शे." म्हणजे सगळं ठीक, दिवाही लागलेला. हेल्पलाइनवाला म्हणाला लेन्स पुसून बघा. अक्काला विचारलं, पुसतेस का गं? तर तिला रागच आला, की मी रोज फडकं मारते, तुझ्या घरासारखी धूळ नाही इथे.

ऑफिसातून आले की रोज तासभर मी त्या लाल चौकोनाशी भांडत बसायचे. आमचे हे — म्हणजे माझा नवरा — म्हणायचे, त्याचा नाद सोड, पैसे गेले समज. पण माझ्या डोळ्यांपुढे दादाची गाडी यायची. अक्का मागच्या सीटवर गाठोडं घेऊन बसलीय आणि गल्ली दारात उभी आहे असं दिसायचं. नाशिकला अक्का जगली असती हो, पण कुंडीत लावलेल्या बाभळीसारखी. दादाला मी काही सांगितलं नव्हतं. कॅमेरा छान चालू आहे म्हणून थाप मारत होते.

मेच्या अखेरीचा रविवार. दुपारची जेवणं झाली होती. जळगावचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, कूलर लावूनही भिंती तापलेल्या. हे पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मी ठरवलं होतं की आज कॅमेरा लॅपटॉपवरून पार काढून टाकायचा आणि नव्याने जोडायचा. त्यासाठी त्याचं पान उघडलं. तोच लाल चौकोन. खालचं बटण दाबणार, तेवढ्यात पान अडकलं. ते गोल गोल फिरायला लागलं. मी चरफडत बघत बसले.

आणि चित्र आलं.

स्वच्छ. आखाजीच्या दिवशी होतं त्याहूनही स्वच्छ. उंबरा, फरशी, मागचं दार. आणि मोरीपाशी फरशीवर कुशीला झालेली अक्का.

माझ्या तोंडून आधी आनंदाने "आलं!" असंच निघालं, हे सांगायला लाज वाटते. यांना हलवून उठवलं, बघा म्हटलं, जमलं मला. हे उठून बसले, चष्मा लावला, वाकून बघितलं. मी म्हटलं, अक्का झोपलीय बघा, उन्हाळ्यात ती गार फरशीवरच पडते. यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पडद्याजवळ तोंड नेलं.

"एका पायात चप्पल घालून कोण झोपतं?" हे म्हणाले.

मग मलाही दिसलं. एका पायात चप्पल, दुसरी मोरीच्या काठावर उलटी. तांब्या लवंडलेला आणि त्यातलं पाणी तिच्या कोपराखाली गेलेलं. ती हालत नव्हती.

मी अक्काला फोन लावला. वाजत राहिला. यांनी शेजारच्या सुशीलामावशींना लावला. देवपुरातल्या आमच्या मागच्या दाराला त्यांचं मागचं दार लागून आहे, मधे फक्त बोळ. त्यांनी उचलला आणि यांनी एवढंच सांगितलं की अक्का पडल्यात, मागच्या दाराने जा. मावशींनी का, कसं, कोणी सांगितलं, काहीही विचारलं नाही.

आम्ही दोघं त्या पडद्याला डोळे लावून बसलो होतो. मागचं दार ढकललं गेलं. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेल्या मावशी आत आल्या आणि धावत अक्कापाशी बसल्या. ते बघितलं, आणि चित्र परत लाल झालं. त्यानंतर कितीही खटपट केली तरी लालच.

पुढचं मी धावत्या गाडीत फोनवरच ऐकलं. मावशींच्या मुलाने रिक्षा आणली, गल्लीतल्या चौघांनी उचलून अक्काला दवाखान्यात नेलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी कुठे काही बघितलं नाही. यांच्या एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरलेला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, गाडी चालवताना यांनी माझा हात कधी धरला नव्हता.

ऊन लागलं होतं. अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही उतरलं होतं, त्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो. मावशी बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या की संध्याकाळशिवाय मी गेलेच नसते गं, दुपारी अक्का झोपते म्हणून कोणी जात नाही. त्यांना मी विचारलं, मावशी, तुम्ही आलात तेव्हा डोक्याला काही बांधलं होतं का? म्हणाल्या, हो, गच्चीवर ज्वारीचे बिबडे-पापड वाळत घातले होते, ते उलटवायला चढले होते, म्हणून टॉवेल ओला करून गुंडाळला होता... पण तुला कसं माहीत? मी म्हटलं, कॅमेऱ्यात दिसलं. त्या हो म्हणाल्या, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मलाही तोपर्यंत वाटलं नव्हतं. कॅमेरा होता, दिसलं, संपलं. उलट मनातल्या मनात त्या हेल्पलाइनवाल्याचीही मी माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचे कपडे आणायला आम्ही दोघं घरी गेलो. मी लुगडी काढत होते. हे फ्रिजपाशी उभे राहिले ते राहिलेच. मग त्यांनी मला हाक मारली.

कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यावर, म्हणजे काचेवर, हळदी-कुंकू लावलेलं होतं. साधंसुधं बोट टेकवलेलं नव्हे. ओल्या कुंकवाचा चांगला जाड थर, अख्खी काच झाकून उरलेला, वाळून खडखडीत झालेला. त्यावर दोन-चार अक्षता चिकटलेल्या. बाजूला एक सुकलेलं फूल.

आता हे आमच्याकडचं मी तुम्हाला वेगळं काय सांगू. घरात नवीन वस्तू आली की तिची पूजा होते. सायकल असो, मिक्सर असो, बोअरची मोटर असो. मी जळगावला निघून गेल्यावर अक्काने शुक्रवार बघून कॅमेऱ्याची पूजा केली होती. मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? चूल पेटवली हे कोणी फोन करून सांगतं का? लाल रंगाचा उलगडा तिथेच झाला. ज्या सेटिंगसाठी मी महिनाभर रक्त आटवलं, ते सेटिंग हे होतं. मी फ्रिजला टेकून हसायला लागले. हसता हसता यांच्याकडे बघितलं तर यांचा चेहरा पांढराफटक.

"मग काल आपण काय बघितलं?" हे म्हणाले.

माझं हसू तिथेच थांबलं.

लॅपटॉप सोबत होता. तिथेच उघडला. लाल. मी कॅमेऱ्यासमोर हात हलवला, लाल. बॅटरी पेटवून धरली, तर जरा उजळ लाल. कुंकू कुठे तडकलंय का, पोपडा निघालाय का, ते यांनी भिंग आणून बघितलं. कुठेही सुईच्या अग्राएवढी फट नव्हती. अक्षतासुद्धा जागच्या हललेल्या नव्हत्या. मग यांच्या लक्षात आलं की कॅमेऱ्यात कार्ड आहे, त्यात सगळं रेकॉर्ड होतं. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कालची दुपार शोधली. चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल. पण कार्डावर आवाज होता. आधी तांब्या पडल्याचा. मग बराच वेळ नुसता पंखा. मग अक्काचा फोन वाजून वाजून थांबला, तो मीच केलेला. मग दार करकरलं आणि मावशींचा आवाज आला, अक्का, ओ अक्का... आणि समोर नुसता लाल रंग. आम्ही दोघं त्या फरशीवरच खाली बसलो. भीती म्हणाल तर नव्हती. काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण रडू फार आलं.

मी एकटीने बघितलं असतं तर म्हटलं असतं, मनाचे खेळ. आईची काळजी, डोक्यात ऊन, झाला भास. पण चप्पल यांनी बघितली होती. यांना सासूबद्दल प्रेम आहे, पण भास व्हावेत इतकं नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

अक्का शुद्धीवर येऊन बोलायला लागली तेव्हा मी तिला विचारलं की बाई, काचेवर कशाला लावलंस? ती म्हणाली, तोच तर त्याचा डोळा, मग तोंडाला सोडून पाठीला लावतात का कुंकू? कानबाई देवीच्या पूजेतल्या नारळालाही आपण डोळ्यांकडूनच सजवतो. मी म्हटलं, बरं, लावलंस ते लावलंस. मी इतक्यांदा पुसायला सांगितलं, तू पुसते म्हणालीस. मग फक्त मागून-पुढून फडकं मारायचीस आणि नेमकं कुंकू ठेवायचीस?

अक्काने सलाइन लावलेला हात उशीवर नीट ठेवला.

"लायेल कुंकू पुसतंस का पोरी?" ती म्हणाली. "मनं पुसायनं, तितलं बस."

माझी मान खाली गेली. वडील गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मी तिचे पाय दाबत बसले.

तिला मी आम्ही काय बघितलं तेही सांगितलं. कुंकवाआडून तू दिसलीस म्हटलं. तिला त्यात काही आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. चहा कधी मिळेल ते विचारलं.

अक्का पडली त्याच रात्री दादा नाशिकहून आला होता. मला वाटलं, आता संपलं, आता तो अक्काला उचलूनच नेणार. तो मावशींशी बराच वेळ बोलत बसला होता. बाहेर आला आणि म्हणाला की सातव्या मजल्यावर असं झालं असतं तर दार उघडायला कोण आलं असतं? मी ऑफिसात, ही ऑफिसात. राहू दे तिला इथेच. फक्त उन्हाळ्यात तुझ्याकडे ने. मी त्याला माझी कॅमेऱ्याची थाप कबूल केली. त्याने माझ्या डोक्यात टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

शक्य ते सगळं मी करून बघितलं आहे. हेल्पलाइनला परत फोन केला, सरळ सगळं सांगितलं. तो पोरगा ऐकून म्हणाला, मॅडम, ऐसा नहीं हो सकता. मग हळूच विचारलं, माँ कैसी हैं अब? मी म्हटलं, बरी आहे रे बाबा, सुखी राहा. ऑफिसातले एक कम्प्युटरवाले म्हणाले, जुनं चित्र मेमरीत अडकून राहिलं असेल. असेल हो. पण जुन्या चित्रात मावशी ओला टॉवेल गुंडाळून कशा येतील? त्यावर ते म्हणाले, मग माहीत नाही. मलाही माहीत नाही. देवाचं नाव घेऊन मोकळं व्हावं तर इतकी वर्षं घेतलं नाही, आता एकदम घ्यायला संकोच वाटतो. आणि काहीच झालं नाही म्हणावं तर तो निव्वळ कृतघ्नपणा होईल.

जुना कॅमेरा अजून फ्रिजवरच आहे. चालूच आहे, लालच आहे, माझ्याच्याने तो पुसवत नाही. दुसरा आणला. तो जोडायला परत अख्खा रविवार गेला, परत साडीची पिन, परत तीच लाइट, आणि मी परत तेच बोलले जे लिहिण्यासारखं नाही. हा मुद्दाम दाराच्या वर ठोकलाय, अक्का स्टुलावर चढली तरी हात पोचणार नाही इतका वर.

आत्ता मी हे ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर लिहिते आहे. पडद्याच्या कोपऱ्यात अक्का उंबऱ्यापाशी पाय पसरून लसूण सोलतेय. मावशी समोर बसल्यात आणि दोघी कोणाची तरी उणीदुणी काढत असणार, कारण अक्काचा हात थांबलाय आणि मान पुढे गेलीय. कोणाचे उपकार आहेत ते मला कळलेलं नाही, कधी कळेल असंही वाटत नाही. पण ती आता पदर तोंडाला लावून हसतेय, आणि ते मला दिसतंय.